एका घरातले दोन रुग्ण : कोल्हापुरात आतड्याचा दाह वाढतोय म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात डॉक्टर मंडळी एकत्र जमली की गेली काही वर्षं एक वाक्य हमखास ऐकू येतं : "कोलायटिसचे पेशंट वाढलेत." दुर्बिणीने आतडं तपासणाऱ्या प्रत्येकाचा तसा अनुभव आहे, आणि फिजिशियन म्हणून माझाही आहे. पण 'वाढलेत' या शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. हा आजार पूर्वीपेक्षा जास्त माणसांना होऊ लागलाय, ही एक. पूर्वीपासून असलेला आजार आता सापडू लागलाय, ही दुसरी. दोन्हींसाठी करायची कामं वेगळी आहेत, म्हणून त्या वेगळ्या काढता येणं गरजेचं आहे. पुढे मांडलेल्या प्रकरणात एकाच कुटुंबात दोन्ही गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने समोर आल्या. दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहितो आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. 'आयबीडी' (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह) या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. ही सूज गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये मध्ये चांगला भाग सोडत जातो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो. दोन्ही आजार बहुतेकदा तरुणपणी सुरू होतात, औषधांनी आटोक्यात राहतात, पण सहसा कायमचे जात नाहीत. शेवटचा हा गुण लक्षात ठेवावा, पुढच्या सगळ्या हिशोबाला तो लागणार आहे.

पुतण्या

वय २४, गाव करवीर तालुक्यातलं, काम शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये. २०२३ च्या गणपतीनंतर त्याला जुलाब सुरू झाले. पहिले काही दिवस बाहेरच्या खाण्यावर खापर फुटलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, थोडं बरं वाटलं, परत सुरू झालं. मग गावातल्या दवाखान्यात आमांशाचा कोर्स झाला, दिवाळीत दुसरा. नोव्हेंबर संपता संपता शौचातून रक्त आणि चिकट आव पडू लागली. रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'मूळव्याध'. त्याप्रमाणे मूळव्याधीच्या एका दवाखान्यात तो गेला आणि त्याला ऑपरेशनची तारीखही मिळाली.

ती तारीख टळली ती त्याच्याच एका वाक्यामुळे. ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी तो माझ्याकडे आला होता आणि सहज म्हणाला, "रात्री पण तीनदा उठावं लागतंय." मूळव्याधीचं रक्त माणसाला झोपेतून उठवत नाही. आतडं चिडकं असण्याचा जो साधा त्रास असतो, तोही सहसा झोपेत शांत असतो. रात्री झोपमोड करणारे जुलाब, जाऊन आलं तरी परत लागल्यासारखं वाटणं, तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरणं, हे सगळं एकत्र पाहिलं की आतड्याला सूज असल्याची शंका घ्यावीच लागते.

शौचाच्या तपासणीत आमांशाचे जंतू नव्हते, कल्चरमध्ये काही उगवलं नाही, सी. डिफिसिल या जंतूचं विषही सापडलं नाही. आतड्यात सूज असल्यावर शौचात वाढणारं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन बरंच वाढलेलं होतं. दुर्बिणीत गुदाशयापासून डाव्या बाजूच्या वरच्या वळणापर्यंत अस्तर लालभडक, हात लावला तरी रक्त येणारं, आणि त्याच्या पुढे एकदम स्वच्छ. दुर्बिणीतून काढलेल्या अस्तराच्या तुकड्याच्या (बायोप्सीच्या) अहवालात ग्रंथींची रचना बिघडलेली आणि जुनाट सुजेच्या पेशी. निदान : डाव्या भागातला अल्सरेटिव्ह कोलायटिस. आजार सुरू झाल्यापासून निदानापर्यंत गेले ते साधारण चार महिने, आणि आपल्या भागाचा विचार करता हा वेळ कमीच म्हणायचा.

आत्ती

दुर्बिणीच्या दिवशी त्याच्यासोबत त्याची आत्ती आली होती. वय ५२, दिलेली शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात. आतडं साफ करायचं औषध तो घोट घोट पीत बसला होता, तेव्हा त्याला धीर द्यायला ती बोलून गेली :

"घाबरू नगंस. तुला जे झालंय ते मला लई वर्सापास्नं हाय. मी कुठं दुर्बीण करत बसलो?"

सिस्टरने हे ऐकलं आणि मला येऊन सांगितलं. त्या सिस्टरचं कौतुक इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

मी विचारलं, "मावशी, कधीपासून आहे हे?"

"पाच सालचा पूर आलता बघा, तवापास्नं. शाळेत राहायला हुतो समदी. समद्यास्नीच जुलाब लागलं. त्यांचं थांबलं, माझं काय थांबलं न्हाई."

२००५ चा महापूर. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं. इतक्या वर्षांत त्रास सलग नव्हता. दोन-तीन महिने आव आणि रक्त, मग काही महिने, कधी वर्षभर, शांत. शांत काळात ती विसरून जायची. त्रासाच्या काळात कुड्याची साल, बेलाचा मुरंबा, इसबगोल, ताक. मध्ये मध्ये दवाखान्यातून आमांशाच्या गोळ्या. एसटीने कुठे जायचं असलं की आदल्या दुपारपासून जेवण बंद. लग्नकार्यात ती हॉलमध्ये कुठे बसते, हे मी विचारल्यावर तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाराजवळ." हा प्रश्न मी आता प्रत्येक रुग्णाला विचारतो. दिवसातून किती वेळा जावं लागतं, हे सांगायला माणसं लाजतात. पण त्या त्रासापायी कुठे जाणं सोडलं, हे सांगतात.

दुसरा धागा रक्ताचा होता. तिचं हिमोग्लोबिन कायम सात-आठच्या आसपास. बाईमाणसाचं रक्त कमी असलं की पाळीचं कारण पुढे येतं, आणि वर्षानुवर्षं तिला लोहाच्या गोळ्या मिळत राहिल्या. एकदा रक्तही चढवलं. पण पाळी थांबून पाच वर्षं झाली होती आणि हिमोग्लोबिन ७.६ च होतं. पाळी गेल्यावरही लोह कमी पडत असेल, तर रक्त पोटातून कुठेतरी जातंय असं धरून तपासणी व्हायला हवी. तिची ती झालीच नव्हती.

तयार व्हायला तिने वेळ घेतला. महिनाभराने तिची दुर्बीण झाली. संपूर्ण मोठं आतडं आजारी होतं. बऱ्याच ठिकाणी जुन्या जखमा भरून उरलेले कोंबासारखे उंचवटे, आतड्याच्या नेहमीच्या वळ्या पुसून गेलेल्या. हे रूप काही महिन्यांच्या आजाराचं नव्हे. तुकड्यांत कर्करोगाकडे झुकणारे बदल नव्हते, ही मोठी दिलाशाची गोष्ट. संपूर्ण आतड्याचा कोलायटिस आठेक वर्षांहून जुना झाला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि ठराविक अंतराने दुर्बीण करून पाहावी लागते. तिच्या बाबतीत ती देखरेख दहा वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती.

नोंदवहीत काय दिसलं असतं

दोघांचं निदान २०२४ च्या सुरुवातीला, काही आठवड्यांच्या अंतराने झालं. दुर्बिणीच्या नोंदवहीत दोन ओळी पडल्या. पुरुष, २४, अल्सरेटिव्ह कोलायटिस, नवीन. स्त्री, ५२, अल्सरेटिव्ह कोलायटिस, नवीन. वर्षअखेरीला कुणी बेरीज केली तर दोन नवे रुग्ण. खरा नवा रुग्ण एकच. दुसरी २००५ ची, जी २०२४ मध्ये सापडली.

आता हे जिल्हाभर पसरून पाहा. दुर्बिणीची सोय पूर्वी मोजक्या ठिकाणी होती. ती आता इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लजपर्यंत पोचली आहे. जिथे ती नव्याने पोचते तिथे पहिल्या काही वर्षांत साचून राहिलेले जुने रुग्ण बाहेर येतात, आणि कागदावर साथ आल्यासारखा आलेख चढतो. ही वाढ खोटी म्हणता येत नाही, कारण ती माणसं खरोखर आजारी आहेत. पण तिच्यावरून 'आपल्या खाण्यापिण्यात गेल्या पाच वर्षांत असं काय झालं' असा प्रश्न काढणं चुकीचं ठरतं. आत्तीच्या आजाराचं मूळ शोधायचं असेल तर २००५ च्या मागे जावं लागेल.

दोन प्रकार वेगळे करायला नोंदवहीत एक रकाना वाढवला तरी पुष्कळ काम होतं : त्रास कधी सुरू झाला. अडचण अशी की माणसांना साल आठवत नाही. इथे सर्वेक्षण करणाऱ्यांची जुनी युक्ती कामी येते, ती म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनांच्या आधारे काळ विचारायचा. आपल्या जिल्ह्याला अशा खुणा दुर्दैवाने भरपूर मिळाल्या आहेत. २००५ चा पूर, २०१९ चा पूर, २०२० ची टाळेबंदी, २०२१ चा पूर. 'पुराच्या आधी की नंतर? कुठल्या पुराच्या?' एवढं विचारलं तरी आजार कुठल्या काळातला हे कळतं. त्यात घरातली लग्नं आणि बाळंतपणं मिळवली तर साल जवळजवळ नक्की होतं.

हा रकाना सगळं सोडवत नाही. लक्षणांच्या सालावर आलेख काढला तर अलीकडची वर्षं नेहमी रिकामी दिसतात, कारण गेल्या वर्षी त्रास सुरू झालेले बरेच जण अजून निदानापर्यंत पोचलेलेच नसतात. आणि २००५ मध्ये आजारी पडलेल्यांपैकी जे दगावले किंवा गाव सोडून गेले, ते कधीच मोजले जात नाहीत. म्हणून निदानाचं साल आणि लक्षणांचं साल हे दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

अडतीस लाखांचा हिशोब

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे आजही बरेच हिशोब याच आकड्यावर चालतात.

भारतात या आजाराची घरोघरी जाऊन केलेली मोजणी फार थोडी आहे. १९८० च्या दशकात हरियाणात झालेल्या पाहणीत एक लाख लोकांमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ४२.८ रुग्ण आढळले. मग पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी ५१,९१० लोकांची घरोघर पाहणी केली आणि संशयितांची दुर्बीण व तुकडा तपासून निदान पक्कं केलं. २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे ४४.३. वर्षाने त्याच भागात परत गेल्यावर तीन नवे रुग्ण मिळाले, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे ६. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हैदराबादने आशियातल्या अनेक शहरांच्या एकत्रित अभ्यासात भाग घेतला होता. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या मोजणीत तिथे दोन्ही आजार मिळून वर्षाला लाखामागे ९.३ नवे रुग्ण निघाले. भाग घेतलेल्या आशियाई ठिकाणांत हा दर सर्वांत वरचा होता.

लुधियानाचा दर जसाच्या तसा कोल्हापूरला लावला तर जिल्ह्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे १,७०० रुग्ण असायला हवेत आणि दर वर्षी २३० च्या आसपास नवे. हैदराबादचा दर लावला तर दोन्ही आजार मिळून वर्षाला साधारण ३६० नवे. कोल्हापूर म्हणजे लुधियाना नव्हे, हैदराबादही नव्हे, आणि हा आकडा कोणी कोल्हापूरचा म्हणून पुढे वापरू नये. पण डॉक्टरांनी आपापली नोंदवही उघडून वर्षाला किती रुग्ण सापडतात ते पाहावं, आणि सगळ्यांची बेरीज या अंदाजाच्या कितपत जवळ जाते ते ताडून पाहावं, एवढ्यासाठी तो उपयोगी आहे.

लुधियानाच्या दोन आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. दर वर्षी किती नवे रुग्ण होतात आणि आजार सरासरी किती वर्षं टिकतो, यांचा गुणाकार म्हणजे स्थिर परिस्थितीत एकूण रुग्णसंख्या. ४४.३ ला ६ ने भागलं की येतात साडेसात वर्षंसुद्धा नाहीत. पण हा आजार पस्तिशीच्या आसपास सुरू होऊन माणसाबरोबर तीस-तीस वर्षं राहतो. मग साडेसात कसे? एक शक्यता अशी की नव्या रुग्णांचा दर अलीकडेच वाढला होता आणि एकूण संख्या अजून त्याला गाठायची होती. दुसरी अशी की शांत काळात असलेले जुने रुग्ण घरोघरी विचारूनही निसटले, कारण त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर आत्तीनेही 'मला काय नाही' असंच सांगितलं असतं. तिसरी म्हणजे तीन नवे रुग्ण हा आकडाच इतका लहान की दोन किंवा पाच निघाले असते तरी नवल नाही. तिन्ही शक्यता थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात असं मला वाटतं.

यातून पुढचीही एक गोष्ट निघते. हौदात पाण्याची धार तेवढीच ठेवली आणि निचरा जवळजवळ बंद असला तरी पातळी चढतच राहते. नव्या रुग्णांचा दर उद्या स्थिरावला तरी औषध, रजा, तपासण्या लागणाऱ्यांची एकूण संख्या पुढची तीस वर्षं वाढत जाणार आहे. कॅनडातले कॅपलान आणि विंडसर यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या चार टप्प्यांच्या मांडणीत हाच विचार आहे : आधी आजार तुरळक दिसतो, मग नवे रुग्ण झपाट्याने वाढतात, मग नव्यांचा वेग मंदावूनही एकूण रुग्ण साचत जातात, आणि शेवटी समतोल येतो. पश्चिमेकडचे बरेच देश तिसऱ्या टप्प्यात आहेत. तिथे लोकसंख्येच्या ०.३ टक्क्यांहून जास्त लोकांना हा आजार आहे. भारतासारखे देश दुसऱ्या टप्प्यात धरले जातात. जगभरचे रुग्ण १९९० मध्ये अंदाजे ३७ लाख होते, ते २०१७ मध्ये ६८ लाख झाले.

चंदगडचा रुग्ण कुणाच्या वहीत?

दर काढायचा तर वर रुग्ण आणि खाली लोकसंख्या, आणि दोन्ही एकाच भूभागाची हवी. कोल्हापुरात इथेच गाडी अडते. चंदगडचा माणूस मोठ्या आजाराला बेळगावला जातो, ते जवळ पडतं. शिरोळचा मिरजेला जातो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनच्या दवाखान्याची परंपरा आहे, आणि आजही घरातली जुनी माणसं 'मिरजेला दाखव' म्हणतात. ज्यांना परवडतं ते पुण्याला जातात. उलट कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगलीचा पश्चिम भाग आणि सीमाभागातून माणसं येतात. शहरातल्या सगळ्या वह्या एकत्र केल्या तरी मिळणारा आकडा कोल्हापूर जिल्ह्याचा नसतो. त्यात बाहेरचे असतात आणि आपले काही नसतात. शिवाय एकच रुग्ण दुसरं मत घ्यायला तीन ठिकाणी जातो आणि तीनदा मोजला जातो.

उपाय फार खर्चाचा नाही. नोंदवहीत कायमच्या पत्त्याचा तालुका लिहायचा. मिरज आणि बेळगावच्या पॅथॉलॉजी लॅबना विनंती करून कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णांचे अहवाल नावाविना, वय-लिंग-तालुका एवढ्यावर मिळवायचे. मग दोन स्वतंत्र याद्या ताडून निसटलेल्यांचा अंदाज बांधायचा. समजा एका यादीत ६० रुग्ण आहेत, दुसरीत ५०, आणि २० दोन्हींत आहेत. तर साठ गुणिले पन्नास भागिले वीस, म्हणजे एकूण सुमारे १५०. मात्र दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. दुर्बीण आणि पॅथॉलॉजी ही जोडी इथे चालत नाही, कारण दुर्बिणीतूनच तुकडा जातो. मेसालामिन हे कोलायटिसवरचं औषध नियमित घेणाऱ्यांची औषध दुकानांतली यादी ही त्यापेक्षा बरी जोडीदार, जरी साध्या पोटाच्या तक्रारीलाही ते औषध कधी कधी लिहिलं जातं हे धरून चालावं लागेल.

क्षयाचा गुंता

पुतण्या आणि आत्ती दोघेही अल्सरेटिव्ह कोलायटिसचे होते म्हणून निदान तुलनेने सरळ झालं. क्रोन्सची गोष्ट आपल्याकडे फार अवघड आहे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तीच जागा क्रोन्सची आवडती आणि तीच आतड्याच्या क्षयाचीही. पोटात कळ, ताप, वजन उतरणं, दुर्बिणीत जखमा, तुकड्यात गाठीसारख्या पेशी, सगळं दोन्हींत. क्षयाचे जंतू आतड्याच्या तुकड्यात फार वेळा हाती लागत नाहीत, जीन एक्स्पर्ट ही क्षयाचे जंतू शोधणारी चाचणीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते. म्हणून अनेकदा क्षयाची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी परत दुर्बीण करतात. जखमा भरल्या तर क्षय, नाहीतर क्रोन्सकडे वळायचं. उलट चूक जिवावर बेतू शकते. क्षय असताना क्रोन्स समजून इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर क्षय अंगभर पसरतो.

मोजणीच्या दृष्टीने पाहा. क्षयाची नोंद देणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि रुग्ण 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर चढतो. आयबीडीसाठी अशी कुठलीच नोंद नाही. ज्याचं निदान पुढे क्रोन्स असं बदलतं, तो सरकारी कागदावर क्षयाचाच राहू शकतो. आणि डॉक्टरांच्या मनात क्रोन्सची शंका जसजशी लवकर येऊ लागेल, तसतसे पूर्वी क्षय म्हणून गेलेले रुग्ण क्रोन्सच्या खात्यावर जमा होतील. त्यातही वाढ दिसेल, एकही नवा माणूस आजारी न पडता.

मग पुतण्याचं काय?

एवढं सगळं लिहून 'वाढ फक्त कागदावरची आहे' असा अर्थ कुणी काढू नये. पुतण्याचा आजार जुना नव्हता. खरी वाढ होते आहे असंच मला वाटतं, आणि त्यामागे कारणं आहेत. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट निघालं होतं. रक्त आपलंच, परिस्थिती बदलली. म्हणजे आपल्यात आजाराची तयारी आहे, आणि वातावरण बदललं की ती जागी होते. आणि हे वातावरण शहरापुरतं राहिलेलं नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी खेड्यांत फिरती दुर्बीण नेऊन, शहर आणि गाव मिळून त्रास असलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. २०२३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन्हीकडे आयबीडीचं प्रमाण जवळपास सारखंच, पाच टक्क्यांच्या थोडं वर आढळलं. हा टक्का तपासलेल्या त्रासिकांमधला आहे, लोकसंख्येतला नव्हे. पण 'हा शहरी, श्रीमंतांचा आजार' ही समजूत सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

कारण विचारायला आलेली माणसं कोल्हापुरात तीन गोष्टींवर बोट ठेवतात : तांबडा रस्सा, मिसळ आणि पंचगंगेचं पाणी. तिखटाने हा आजार होतो याला आधार नाही. आजार भडकलेला असताना तिखट सोसत नाही, एवढंच. दूषित पाण्याने जुलाब, कावीळ होते, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीने काविळीची मोठी साथ सोसली आहे. पोटाच्या तीव्र संसर्गानंतर आयबीडी सुरू होण्याचा धोका काहीसा वाढतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आत्तीची पुराची आठवण त्या चौकटीत बसते, जरी एका माणसाच्या गोष्टीवरून कारण सिद्ध होत नाही. ज्या गोष्टींकडे मी जास्त संशयाने पाहतो त्या वेगळ्याच आहेत. लहानपणी वारंवार दिलेली अँटिबायोटिक्स, आणि कारखान्यातून पाकिटात येणारं खाणं. २१ देशांतल्या एक लाख सोळा हजारांवर लोकांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, अशा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचे रोज पाच किंवा जास्त हिस्से खाणाऱ्यांत आयबीडीचा धोका एकाहून कमी हिस्सा खाणाऱ्यांच्या सुमारे १.८ पट आढळला. पुतण्याला त्याच्या पाळीतलं खाणं विचारलं. रात्रपाळीला वेफर्स, क्रीमची बिस्किटं, थंड पेय. त्याच्या आजीच्या हातची भाकरी घरीच असते, पण रात्री दोनला ती गेटबाहेर मिळत नाही. त्याला आजार याच खाण्याने झाला असं मी म्हणणार नाही. त्याच्या पिढीत काय बदललं ते मात्र यात दिसतं.

दोघांची सध्याची स्थिती

पुतण्याला मेसालामिन गोळ्या आणि रात्री त्याच औषधाचा एनिमा दिला. एनिमाला आधी नकार होता. डाव्या बाजूच्या आजाराला औषध तिथेच लावल्याने गुण लवकर येतो, हे चित्र काढून दाखवल्यावर तो घेऊ लागला. दोन महिन्यांत रक्त थांबलं, कॅल्प्रोटेक्टिन उतरलं, वजन परत भरू लागलं. बरं वाटल्यावर औषध सोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि आजार उलटण्याचं ते मोठं कारण ठरतं. म्हणून तारीख देऊन बोलावतो.

आत्तीला स्टिरॉइडचा कोर्स द्यावा लागला आणि पुढे अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. हे औषध आपल्याकडच्या काही जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं. एनयूडीटी-१५ या जनुकातला बदल त्याला कारण असतो आणि तो भारतीयांत पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून ती जनुकीय चाचणी करून, आणि सुरुवातीला थोड्या थोड्या दिवसांनी रक्त तपासत डोस वाढवला. लोह शिरेतून दिलं. हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर मिळतो. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च घरातूनच निघतो, आणि शेतीवर चालणाऱ्या तिच्या घरात तो ऊसबिलाच्या तारखेवर अवलंबून आहे. कायमच्या आजाराला अशा योजनेतून भरती न होता घ्यायच्या औषधांसाठी काही तरतूद व्हावी, हे मागायचं तर आधी जिल्ह्यात रुग्ण किती, हे दाखवता यायला हवं.

तिच्या मुलीने विचारलं की मला होईल का. जवळच्या नात्यात आजार असला की धोका वाढतो, तरी बहुतेकांना तो होत नाही, आणि त्रास नसताना दुर्बीण करायची गरज नाही. रक्त, रात्रीचे जुलाब किंवा कारण नसताना उतरणारं हिमोग्लोबिन दिसलं तर वाट पाहायची नाही, एवढं तिला लिहून दिलं.

आमच्याकडच्या नोंदवहीत आता तीन जास्तीचे रकाने आहेत : त्रास सुरू झाल्याचं साल, कायमच्या पत्त्याचा तालुका, आणि याआधी आमांश, मूळव्याध की क्षय म्हणून उपचार झाले होते का. आत्तीच्या ओळीत २००५, शिरोळ, आमांश असं आहे. पुतण्याच्या ओळीत २०२३, करवीर, आमांश आणि मूळव्याध. गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर आणि शहरात दुर्बीण करणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की हे तीन रकाने त्यांनीही सुरू करावेत. मिरज आणि बेळगावच्या कुणी सहकार्य केलं तर चंदगड आणि शिरोळचे रुग्णही मोजणीत येतील.